जंगलात झोपायला परवाना कशाला?

जानेवारीतल्या जोडसुट्टीचा शुक्रवार. रात्रीचे साडेसात झाले होते आणि भाच्याचा फोन आला. "मामा, सहा जण आहोत, दोन तंबू आहेत, चिकन मसाला लावून आणलंय आणि हा अभयारण्याच्या फाटकावरचा माणूस आत सोडत नाही. परवाना दाखवा म्हणतो. जंगलात झोपायला परवाना?" मागून कोणाचा तरी आवाज: "अरे, त्याच्या चहापाण्याचं बघ ना."

मी म्हटलं, त्या बिचाऱ्याला त्रास देऊ नकोस, गाडी वळव आणि घरी ये. चिकन मागच्या पडवीत चुलीवर शिजलं, तंबू पोफळींच्या मधल्या जागेत लागले आणि मध्यरात्रीपर्यंत माझी उलटतपासणी झाली. जंगल सरकारचं, म्हणजे आपलंच ना? दिवसा सोडता, मग रात्रीत काय बिघडतं? गावातली माणसं गुरं घेऊन शिरतात, त्यांना कोण अडवतं? मी वनखात्यातला नाही. पण हे प्रश्न दर जोडसुट्टीला कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या फाटकावर विचारले जातात, आणि फाटकावरच्या माणसाला उत्तर द्यायला सवड नसते. म्हणून हा लेख.

आधी रान कुठलं ते बघा

मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला सगळी झाडी सारखीच दिसते. कागदावर तसं नसतं. एखादा डोंगर राखीव वन असतो, त्याला लागून कोणाची तरी काजूची बाग, पलीकडे गावाची देवराई आणि त्याच्या पुढे अभयारण्याची हद्द. राखीव वनाला १९२७ चा भारतीय वन कायदा लागतो, अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. काजूच्या बागेला मालक लागतो, आणि तो बहुतेक कायद्यांपेक्षा कडक असतो.

मुरूड आणि रोह्याच्या मधलं फणसाड घ्या. साधारण ७० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. म्हणजे वाटेल त्यानं शिरावं असं ते तेव्हाही नव्हतं. फक्त तेव्हा आत जाणाऱ्याच्या हातात बंदूक असे.

अभयारण्याचा कायदा आपल्या रोजच्या समजुतीच्या उलटा चालतो. रस्त्यावर 'प्रवेश बंद' अशी पाटी नसेल तर आपण जातो. अभयारण्यात 'या' असं कोणी म्हटल्याशिवाय जायचं नसतं. कलम २७ मध्ये आत जाऊ शकणारी माणसं मोजून दिली आहेत: कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची परवानगी मिळालेला किंवा जमीनजुमल्याचा हक्क असलेला माणूस, या सगळ्यांवर अवलंबून असलेले, सार्वजनिक हमरस्त्यानं जाणारा वाटसरू आणि परवानाधारक. परवाना कशासाठी मिळतो ते कलम २८ सांगतं: वन्यजीवांचा अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन आणि आत राहणाऱ्याशी काही कायदेशीर काम. भाच्याची मंडळी यातल्या पर्यटनात बसत होती, पण कागदावाचून.

ही कल्पना कोकणाला परकी वाटायचं काही कारण नाही. देवराईत शिरताना आपण वहाणा बाहेर काढतो, काही दिवशी आत जातच नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही, आणि कुठलं काम काढायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतो. तिथे फाटक नसतं, पावतीपुस्तक नसतं. तरी परवान्याची पद्धत पूर्ण असते: कोणी जायचं, केव्हा जायचं, आत काय करायचं नाही.

एक गफलत इथेच काढून टाकतो. माणगाव तालुक्यातल्या देवकुंड धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदी घालतं, ती वेगळी. ती जमावबंदीच्या कलमाखाली असते. जुनं कलम १४४, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. ती तुमचा जीव वाचवायला असते. परवाना रानाचा जीव सांभाळायला असतो. पाणी ओसरलं की बंदी उठते, परवान्याची गरज बारा महिने राहते.

आकडा येतो कुठून?

"दिवसाला इतकीच माणसं" हा आकडा साहेबाच्या मनात आला म्हणून ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. काही ठिकाणी तसं होतही असेल. पण तो काढायची एक रीत आहे. एखादी जागा न बिघडता किती माणसं झेलू शकते, याला वहनक्षमता म्हणतात. मिगेल सिफुएन्तेस या अभ्यासकानं १९९२ मध्ये कोस्टारिकात तिचं जे गणित मांडलं, तेच पुढे जगभर वापरलं गेलं. २०१२ मध्ये आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयानं काही काळ स्थगिती आणली होती; त्यानंतर आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच रीत आहे.

गणित खानावळीचं आहे. आपल्या गावातली एखादी घरगुती खानावळ डोळ्यांसमोर आणा. दहा टेबलं, एकेका टेबलावर चार जण, पंगत तासाभराची, दुपारी तीन तास खानावळ चालू. कागदावर १२० पानं उठतात. पण दोन टेबलं उन्हात, तिथे कोणी बसत नाही. आणि मागे मासे साफ करणारी बाई एकच आहे, तिच्या हातून साठ जणांपुरतेच मासे होतात. मग खानावळ १२० पानांची की साठ पानांची?

आता रान. आकडे समजुतीसाठी मी मनचे घेतो. तीन किलोमीटरची वाट आहे. दहा-दहा जणांचे गट सोडायचे आणि दोन गटांत ३०० मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे एकाचा गोंगाट दुसऱ्याला नको आणि मधल्या जनावराला वाट ओलांडायला फट मिळावी. असे एका वेळी दहा गट, शंभर माणसं मावतात. वाट चालायला तीन तास, फाटक बारा तास उघडं, म्हणजे चार फेऱ्या. कागदावर झाले ४००.

आता कापाकापी. पहाटेचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास जनावरं पाण्यावर येतात, ते सोडायचे. बारातले आठ तास उरले: ४०० चे २६७. वाटेचा चौथा हिस्सा उताराचा आहे. पावसानं तिथली तांबडी माती आधीच वाहून चाललीय, पायांनी ती आणखी सुटते. तेवढं वजा: २००. घरटी करायच्या दिवसांत काही भाग मिटलेला असतो, त्यापायी पाचवा हिस्सा गेला: १६०. आणि शेवटी मासे साफ करणारी बाई. वाटाडे दहा हवेत, आहेत चार. १६० चे ४० टक्के म्हणजे ६४.

चारशेवरून चौसष्ट. शेवटची, प्रमाणानं सगळ्यात मोठी कात्री झाडांनी किंवा जनावरांनी लावलेली नाही. ती माणसं कमी म्हणून लागली. वाटाडे, पहारा, संडास, कचरा बाहेर नेणारी गाडी, यांतलं जे सगळ्यात तोकडं तेच आकडा ठरवतं. माझ्या मते इथेच वाद घालायला जागा आहे. "आणखी पाचशे सोडा" म्हणण्यापेक्षा "वाडीतली आणखी सहा पोरं वाटाडे म्हणून तयार करा" हे मागणं शहाणपणाचं, कारण मग तो आकडा १६० पर्यंत खरोखर जाऊ शकतो. त्यापुढे मात्र नाही.

दिवसा चालतं, रात्री का नाही?

फणसाडच्या रानात पाणी धरून राहणाऱ्या मोकळ्या जागा आहेत. त्यांना तिथे गाण म्हणतात: चिखलगाण, धरणाची गाण, अशी नावं. होळी उलटली की ओहोळ आटतात आणि सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, सगळ्यांचा कारभार या मोजक्या पाणवठ्यांवर येतो. सशाएवढं पिसोरी हरीण तर अंधार पडल्यावरच हिंडतं. तंबूवाल्यालाही पाणी हवं असतं, त्यामुळे तो नेमका तिथेच उतरतो. गावात एकच नळ असावा आणि पाहुण्यांनी त्याच्या तोंडाशीच खाट टाकावी, तसं. पाहुणा कोणाला मारत नाही, शिव्या देत नाही, नुसता झोपलेला असतो. पण त्या रात्री पाणी भरायला कोणी येत नाही.

दिवसाचा माणूस चालत जातो आणि निघतो. मुक्कामी माणूस चूल मांडतो, भांडी घासतो, दिवा लावतो, खरकटं टाकतो आणि पहाटे आडोसा शोधतो. या शेवटच्या गोष्टीवर कोणी बोलत नाही, म्हणून बोलतो. रानात मुक्काम करणाऱ्यांसाठी जगभर सांगितला जाणारा नियम असा: पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. आता जांभ्याच्या कातळावर वीतभर खड्डा खणून दाखवा. कुदळ उडते. मग सगळं वरच राहतं आणि पहिल्या पावसाबरोबर खालच्या विहिरीकडे निघतं. ठरलेल्या तंबूच्या जागेला संडास असतो, हेच तिचं सगळ्यात मोठं कौतुक.

आणि आग. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडणं हा कलम ३० खाली गुन्हा आहे. शेकोटी विझवली असं आपल्याला वाटतं, कारण ज्वाळा दिसत नाहीत. पानगळीचा थर वीतभर असला की निखारा त्याच्या पोटातून सरकत राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटल्यावर, भलतीकडे तोंड काढतो. तोवर शेकोटीवाले पनवेल ओलांडून गेलेले असतात. वणवा मात्र हद्द बघत नाही, शेजारच्या आंब्या-काजूतही शिरतो. बागायतदाराला विचारा, मार्च-एप्रिलमध्ये त्याला झोप कशी लागते.

रोज नव्या जागी तंबू लावला तर?

भाच्यानं काढलेला हा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो पटतो आणि चुकीचा आहे. "एकाच जागी सगळे झोपले की ती जागा मरते. त्यापेक्षा पांगू द्या ना, कोणालाच भार नको."

शेताच्या कडेनं नवी पायवाट कशी पडते ते आठवा. पहिले आठ-दहा दिवस चार माणसं गवतातून गेली की गवत झोपतं. पंधरवड्यात माती दिसते. पुढे वर्षभर त्याच वाटेनं पन्नास जण गेले तरी वाट होती तेवढीच राहते, कारण तुडवण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं. म्हणजे जवळजवळ सगळं नुकसान सुरुवातीच्या थोड्याच पावलांत होऊन जातं. तंबूचंही तेच. रानातल्या मुक्कामांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यांना हा नमुना ठिकठिकाणी दिसला आहे. दहा तंबू एका बोडक्या जागी वर्षभर लावले तर एक बोडकी जागा राहते. तेच दहा जागी पांगवले तर दहा बोडक्या जागा तयार होतात.

पांगणं शहाणपणाचं ठरतं ते जिथे वर्षाकाठी दोन-चारच माणसं पोचतात अशा दूरच्या मुलखात. तिथे झोपलेलं गवत उठायला वेळ मिळतो. कोकणात एवढं दूर काय आहे? दोन टेकड्या ओलांडल्या की वाडी लागते.

यात सड्याची गोष्ट वेगळीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे उघडे सपाट कातळ, फेब्रुवारीत काळेठिक्कर आणि मेल्यासारखे दिसतात. तिथे तंबू लावला तर काय बिघडणार, असं कोणालाही वाटेल. पण खळग्यांतल्या बोटभर मातीत दीपकाडीचे कंद पावसाची वाट बघत असतात, आणि दीपकाडी ही या कोकणपट्टीबाहेर न आढळणारी वनस्पती. खुंटी कातळात शिरत नाही, म्हणून मंडळी तंबूच्या दोऱ्या बांधायला आजूबाजूचे धोंडे गोळा करतात. त्या प्रत्येक धोंड्याखाली विंचू, पाली, बेडूक यांचं बिऱ्हाड असतं. सकाळी तंबू उठतो, धोंडे वर्तुळात तसेच राहतात. आणि कातळशिल्पं? त्यांच्या रेषा कित्येकदा माती-गवतानं बुजलेल्या असतात. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण रात्री विजेरीच्या उजेडात शेकोटीखालचा कातळ कोरलेला आहे की नुसता, हे कळणार कसं?

फाटक मोजायचं की बिछाने?

आकडा ठरला, आता तो पाळायचा कसा? अमेरिकेत, कॅनडाच्या सीमेला लागून बाउंड्री वॉटर्स नावाचा तळ्यांचा प्रचंड मुलूख आहे. होडीनं फिरायचं, बेटावर नाहीतर काठावर झोपायचं. तिथे प्रत्येक प्रवेशाच्या जागेवरून दिवसाला किती मुक्कामी गट सुटतील ते ठरलेलं असतं. एका गटात नऊ माणसं आणि चार होड्या, त्याहून जास्त नाही. एकदा आत गेलात की आखून दिलेल्या जागांपैकी कुठे झोपायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. म्हणजे मोजणी फाटकावर. उलट जिथे मुक्कामाच्या जागा अगदी थोड्या असतात, तिथे बिछाने मोजतात: आज अमुक इतके तंबू, भरले की संपलं. आपल्याकडे सुपेगावला, फणसाडच्या तोंडाशी, वनखात्याच्या तंबूंची सोय आहे. ती या दुसऱ्या जातीची. आपल्या छोट्या अभयारण्यांना हीच पद्धत सोयीची, कारण कोण कुठे झोपलंय ते रात्री एका फेरीत बघता येतं.

जागा कमी आणि मागणारे फार झाले की मग वाटपाचा प्रश्न. अमेरिकेतल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या कड्यावर दिवसाला साधारण ३०० जण चढू देतात आणि नावं सोडतीनं काढतात. आपण गणपतीच्या गाड्यांवरून हे सगळं ओळखून आहोत. आरक्षण सुरू झालं की डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं, ज्याचं इंटरनेट जोरात त्याला जागा, आणि उरलेली एजंटाकडे. परवान्याचंही 'जो आधी येईल त्याला' केलं तर तेच होणार. सोडतीत निदान नशीब सगळ्यांना सारखं. पण सोडत लागलेले सगळे येतात असंही नाही. शुल्क थोडकं असलं की लोक नाव घालून ठेवतात आणि आयत्या वेळी बेत बदलतात. फाटकावर परत पाठवलेली माणसं असतात आणि आत तंबू रिकामे. यावर उपाय साधा आहे: ठरलेल्या तासापर्यंत आला नाहीत तर जागा पुढच्याला, आणि वेळेत रद्द केलंत तर पैसे परत.

"गावकऱ्यांना चालतं, आम्हालाच का नाही?"

कारण ते पाहुणे नाहीत. ज्यांची जमीन, घर, वहिवाट आत आहे त्यांचा हक्क कलम २७ नंच मान्य केलाय, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानावर जगणाऱ्या आदिवासी आणि इतर पारंपरिक रहिवाशांच्या हक्कांना वेगळा आधार दिला. तुमच्या सोसायटीत राहणारा माणूस रात्री दोनला आला तरी वॉचमन वहीत सही घेत नाही, तुमची घेतो. तसंच हे. आत राहणाऱ्याचंही सगळंच चालतं असं मात्र नाही. शिकार त्यालाही गुन्हाच.

"पैसे भरले की सोडतात, मग संरक्षण कुठे राहिलं?"

हा आक्षेप अर्धा खरा आहे. शुल्क आणि परवाना एकत्र फाडले जातात, म्हणून ते एकच वाटतात. शुल्कानं गर्दी आवरायला गेलात तर गरीब घरी बसतो आणि मोठ्या गाडीवाला आत येतो, माणसं फारशी कमी होत नाहीत. गर्दी आवरतो तो आकडा. शुल्काचं काम वाटाड्याची मजुरी निघावी, संडास धुतला जावा, एवढंच. तो पैसा गावाच्या समितीत राहिला तर गावाला पाहुणा परवडतो. तो बाहेरच गेला तर गावाला उरतो फक्त कचरा. पुढच्या वेळी पावती घेताना एवढं विचारा: यातलं गावात किती राहतं?

फाटक लावलं की गर्दी किनाऱ्यावर येते

मला वाटतं, खरी अडचण ही आहे आणि तिला तयार उत्तर नाही. अभयारण्यातून परत फिरवलेला तंबू घरी जात नाही, तो समोरच्या पुळणीवर, सुरूच्या बनात लागतो. त्या रात्री तो माझ्या अंगणात लागला, कारण मामा जवळ होता. सगळ्यांनाच मामा नसतो.

पुळणीवर रात्रीचा मुक्काम म्हणजे वाऱ्यावर फिरणारा कचरा एवढंच नव्हे. थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्रीच्या वेळी अंडी घालायला याच वाळूवर चढतात. माणसांची हालचाल आणि उजेड दिसला की कित्येकदा तशाच परत फिरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात ती जिकडे उजळ तिकडे चालतात; पूर्वी उजळ फक्त समुद्र असे, आता तंबूतला एलईडी असतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला लोकांनी यावर आपला रस्ता काढला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना धरून घरटी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, पिल्लं सोडायच्या ठरल्या वेळी दोरीमागे उभे राहतात. तिथे बिछान्यांची मोजणी गावातल्या घरांनीच करून टाकलीय: घरं भरली की पाहुणे पुरे.

म्हणून एकट्या फाटकाचा आकडा ठरवून भागत नाही. अभयारण्य, सडा, पुळण आणि गावातली घरं एकाच कागदावर मांडून, इथे भरलं तर तिथे जा, असं सांगता यायला हवं. त्यातलं जंगल एका खात्याकडे, किनारा दुसऱ्याकडे आणि सुरूचं बन कधी तिसऱ्याकडे. तो कागद कोणाच्या टेबलावर ठेवायचा, यावरच सगळं अडतं.

फेब्रुवारीत भाच्यानं आधी फोन केला. परिक्षेत्र कार्यालयातून परवाना काढला, ओळखपत्रांच्या प्रती दिल्या. सहाऐवजी चारच जण गेले, कारण तेवढीच जागा शिल्लक होती. फाटकावर तोच माणूस होता. त्यानं नावं लिहून घेतली आणि प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या: नऊ. सकाळी परत येताना आठच निघाल्या. तो काही बोलला नाही, वही उघडी ठेवून नुसता उभा राहिला. नववी बाटली घोंगडीच्या घडीत सापडली तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.